डबल बेल

निवृत्त ड्रायव्हर आणि त्याची बायको, त्याच्याच बसची कंडक्टर, गाडीमागे चाकांवरचं घर जोडून महिनाभर भटकायला निघाले होते. जुन्या सवयीने ती मागच्याच सीटवर बसायची. अकराव्या दिवशी सकाळी मुक्काम हलवताना त्याने इंजिन सुरू केलं आणि तिने धूळ झटकायला सतरंजी घराच्या पत्र्यावर दोनदा आपटली. तीस वर्षं तिच्या डबल बेलवर बस चालवलेला माणूस तो; गाडी सुसाट निघाली. मोबाइलही आतच. कपाळावर हात मारून ती सतरंजीवर बसली आणि पोट धरून हसली. अर्ध्या तासाने गाडी मान खाली घालून परतली. “बारा किलोमीटर एकटाच बडबडत होतो.” “मी एकदाही उलट बोलले नाही, तरी संशय नाही आला?” “म्हणूनच तर वळलो.” पुढच्या सीटवर बसून तिने पट्टा लावला आणि त्याच्या टकलावर दोन टिचक्या मारल्या.