उडीच्या टोकाला

भौतिकशास्त्राच्या मॅडमनी चार उत्तरपत्रिका टेबलावर ओळीने मांडल्या आणि चारही ठिकाणी एकाच उत्तरावर बोट ठेवलं. "वाचा सर. शब्दाला शब्द तोच आहे."

बास्केटबॉलचे सर खरं तर हातापाया पडायला आले होते. पहिल्या वर्षाच्या चार पोरी सहामाहीला भौतिकशास्त्रात नापास झाल्या होत्या, आणि नापास झालेलीने सामन्यात उतरायचं नाही असा कॉलेजचा नियम होता. सोमवारी यादी लागली आणि अकरा जणींच्या संघात सात उरल्या. अंतिम सामना शनिवारी. सात जणींत धड सरावसुद्धा होत नाही. सरांनी ऑफिसातून तीन खुर्च्या आणून त्यांनाच समोरच्या संघात घेतलं होतं, आणि खुर्च्या काही केल्या चेंडू हिसकावत नव्हत्या. शनिवारी समोरच्यांच्या बाकावर सात जणी ताज्यातवान्या बसलेल्या असणार. यांच्या बाकावर दोघी, त्यातल्या एकीचा घोटा सुजलेला. पहिल्या पाच जणींना दम खायला कधी बसवायचं, हे गणित सरांनी तीन दिवस करून पाहिलं आणि ते काही सुटलं नाही. वर्षअखेर ते निवृत्त होणार होते. बत्तीस वर्षांत चषक एकदाही हाती लागला नव्हता, आणि तो त्यांना हवा होता. उगाच कशाला नाही म्हणायचं, फार हवा होता.

त्यात आता हे. नापास म्हणजे फार तर एक मोसम गेला. नक्कल ठरली तर चौघींचं अख्खं वर्ष बुडणार होतं.

"मूळ उत्तर कुणाचं तेवढं सांगा, तिला तरी सोडते, असं म्हटलं मी," मॅडम म्हणाल्या. "चौघी एकच घोकतायत, नक्कल केली नाही म्हणून. आणि गंमत बघा, हा प्रश्न मी तुमच्या पोरींसाठीच घातला होता. फुकटचे पाच मार्क. तेवढे मिळाले असते तर चौघी पास होत्या."

सरांनी चष्मा लावला. उडी मारलेली खेळाडू सर्वांत उंच जागी पोचते त्या क्षणी तिच्यावर कोणतं बल कार्य करतं, असा प्रश्न होता. खाली चार वेगवेगळ्या अक्षरांत एकच उत्तर. कोणतंही नाही. तेवढ्यापुरतं आपल्याला कुणी खाली ओढत नसतं, तेवढा क्षण आपला असतो.

सरांना ती खोली हळूहळू लांब गेल्यासारखी वाटली. सकाळी सहाचा हॉल डोळ्यांपुढे आला. उंच खिडक्यांतून तिरपं ऊन, त्यात सावकाश फिरणारी धूळ, लाकडी जमिनीवर बुटांचं चिरकणं. आणि त्या सगळ्यात त्यांचा स्वतःचाच आवाज. घाई नको गं. वर जा. टोकाला पोचलीस की थांब, मग सोड चेंडू. पोरी वर जायच्या आणि खरंच थांबायच्या. त्यांनी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांच्यात एक इवलीशी पोर होती, सगळा संघ तिला पावशेर म्हणायचा. ती तर वर गेली की खाली यायचं विसरूनच जायची. हॉल गप्प व्हायचा, ऊनही हलायचं नाही, आणि कधीतरी तिच्या बोटांतून चेंडू अलगद सुटायचा. घरचे टोमणे खात बत्तीस वर्षं सर पहाटे उठत आले होते ते एवढ्याचसाठी.

"हे वाक्य माझं आहे," सर म्हणाले.

"म्हणजे?"

"रोज सकाळी सांगतो मी त्यांना. नक्कल नाही केली त्यांनी." मग जरा आशेने त्यांनी विचारलं, "बरोबर आहे ना ते?"

मॅडमना वाईट वाटलं, पण शिकवायची सवय थोडीच जाते. "चूक आहे, सर. वेग तेवढा शून्य होतो. पृथ्वी ओढतच असते. टोकालाही तेवढीच, तसूभरही कमी नाही."

"क्षणभरसुद्धा सोडत नाही?"

"क्षणभरसुद्धा नाही." त्यांनी चारही उत्तरपत्रिकांवरचा नक्कलीचा शेरा खोडला. "हे माझ्या हातात होतं. मार्क मात्र नाही देता येणार."

"नकाच देऊ," सर म्हणाले. चषक आता पुढच्या जन्मी, असं त्यांनी मनाशी म्हटलं आणि ते उठले.

चौघी बाहेर बाकावर एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. सरांना त्यांच्याकडे बघवेना. आयुष्यात इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

"नक्कलीचं मिटलं," ते म्हणाले. "पण शनिवारी तुम्ही नाही. आणि पोरींनो, चूक माझी आहे. ते वाक्य खोटं आहे. पुस्तकात काय दिलंय ते मला ठाऊकच नव्हतं. तुमचं नुकसान केलं मी."

चौघींनी एकमेकींकडे पाहिलं. पावशेर हळूच म्हणाली, "पुस्तकातलं उत्तर आम्हाला पाठ होतं, सर. चौघींनाही."

सरांनी विचारलं, "मग ते का नाही लिहिलंत, गं?"

"प्रश्नात दगड असता तर तेच लिहिलं असतं," पावशेर म्हणाली. "पण मॅडमनी खेळाडू घातली. मग खोटं कसं लिहायचं, सर? आम्ही तर रोज वर जाऊन येतो."