बाकड्याखालची टोपली

अमिनाने वांगं बशीरच्या तागडीत आपटलं. ते फुटलं आणि आतून अळी वळवळत बाहेर आली.

"हाई वांगं शे का किडास्नं गाव?" ती म्हणाली. "मन्हा घरमा माणसं खातस, बशीर. बकऱ्या नही."

बशीर बागवान मान खाली घालून तागडी पुसू लागला. शहाद्याच्या भाजीबाजारात त्याच्याइतका तोंडाळ माणूस नव्हता. गिऱ्हाईक एक शब्द उणा बोललं तर तो त्याच्या आजोबापर्यंत पोचायचा. अमिनासमोर मात्र त्याची दातखीळ बसे.

"उद्या चांगलं देसू, भाभी."

"तुन्हा उद्याले बी कीड लागेल शे."

शेजारणीच्या, कमलबाईच्या पिशवीत त्याच दुकानातली वांगी होती. लोणखेड्याच्या मळ्यातली, काटेरी देठाची, तुकतुकीत. ती बघून अमिनाच्या अंगाचा तिळपापड झाला. साऱ्या गावाला ताजं, आणि तिच्याच घरी उकिरडा. का, तर नवरा गरीब गाय. कय्युम पिंजारी पहाटे बाजारात जायचा आणि बशीर घालील ते मुकाट घेऊन यायचा.

"धुळाना गोरा कलेक्टर साहेबले दाखाडसू हाई वांगं," अमिना म्हणाली.

"मागला साल तुन्हा आवाज आयकाले तरसूत," कमलबाई हसत म्हणाली, "आते कान झाका लागतंस." आणि तिने जीभ चावली.

अमिनाने ऐकलं न ऐकलंसं केलं. मागच्या साली तिचा अनीस तापाने गेला होता. मिसरूड फुटलेला, एकुलता एक. त्यानंतरचे महिने तिला धड आठवत नसत. आठवे ते एवढंच, की एका सकाळी पिशवीतून सडकं वांगं निघालं आणि ते मुठीत धरून ती तरातरा बाजारात आली होती. तेव्हापासून हे रोजचंच झालं होतं.

घरी कय्युम कापूस पिंजत होता. तिला बघताच त्याने हातातली कमान खाली ठेवली.

"काय बोलनी त्याले?"

तिने सगळं सांगितलं. तो कान देऊन ऐकत राहिला.

"मंग? मंग तो काय म्हने?"

त्याला राग म्हणून येत नव्हता. तिला त्याचाच राग आला. भाकरी थापता थापता तिने त्यालाही सोलून काढलं. तो दोन भाकरी जास्त जेवला.

ईदला तेवढी भाजी चांगली आली. कोवळी, देठाला दव असलेली. त्या दिवशी भांडायला काही नव्हतं. तिने रांधलं, वाढलं, आणि अनीसच्या खाटेपाशी भिंतीला टेकून बसली, ती दिवा लागला तरी उठली नाही.

दुसऱ्या दिवशी गिलकी निघाली, आतून काळी.

या खेपेला अमिना बशीरकडे गेलीच नाही. पिशवी घेऊन ती थेट म्युनिसिपालटीत गेली आणि बाजारावरच्या इन्स्पेक्टरसाहेबांना घेऊनच परतली. मागे एक शिपाई होता. त्याच्यामागे अर्धा बाजार.

"सडका माल विकणाऱ्याची जागा काढून घ्यायचा हुकूम आहे," साहेब म्हणाले.

बशीरचा चेहरा पांढरा पडला. ती जागा त्याच्या बापापासूनची होती.

शिपायाने एकेक टोपली उलटी केली. भेंडी कोवळी, मेथी हिरवीगार, वांगी तुकतुकीत. साहेबांनी अमिनाकडे रोखून पाहिलं. ती वाकून टोपल्यांमागे शोधू लागली. मग तिला बाकड्याखाली काहीतरी दिसलं.

"तठे दखा, साहेब. बाकडाखाले."

फडक्याने झाकलेली एक लहान टोपली निघाली. फडकं काढताच शिपायाने नाकाला हात लावला. सडकी वांगी, काळी गिलकी, किडकी भेंडी. निवडून, नीट मांडून ठेवलेली.

"हा माल कोणाला विकतोस?"

बशीर वाकून टोपलीवर फडकं परत ओढू लागला.

"बोल. नाहीतर दिवस मावळायच्या आत जागा खाली कर."

"मी जबान दियेल शे, साहेब," बशीर हळूच म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

"चोरनी जबान," अमिना म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिला छाती भरून श्वास घेता आला.

तेवढ्यात गर्दी हलली. कय्युम वाट काढत पुढे आला. केसांत कापूस तसाच, पायांत जोडा नाही. अमिनाला वाटलं, आला बाई एकदाचा नवरा बाजूने बोलायला. तो तिच्याकडे न बघता साहेबांसमोर हात जोडून उभा राहिला आणि कचेरीत बोलावं तसं, शब्द जुळवत बोलू लागला.

"ती टोपली मीच भरायला लावतो, साहेब. चांगली भाजी नेली, की ही दिवसभर बोलत नाही."