थांब, हवा बघतो

पायपंप घेऊन बाबा गाडीजवळ उकिडवे बसले आणि बसल्या जागी गोंधळले. पंपाची नळी लावायची कुठे? चाकाला व्हॉल्व्हच नव्हता. बाहेरून रबराचा जाड पट्टा, आत मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी, आणि जाळीतून चक्क पलीकडचं कुंपण दिसत होतं.

"बाबा, यात हवा नसतेच," लेक म्हणाली.

जावई टायरच्या कारखान्यात होता. ही चाकं अजून बाजारात आली नव्हती. रोजच्या गाडीला वापरून बघा आणि गुणदोष कळवा, म्हणून कारखान्यानं ती त्याला बसवून दिली होती. किती सांगू आणि किती नको, असं त्याला झालं होतं. "पंक्चर नाही, बाबा! खिळा घुसू दे, काच घुसू दे, गाडी आपली चालतेय. स्टेपनी नको, जॅक नको. ही एवढ्या लांबून एकटी येते-जाते, तिची काळजीच मिटली."

"आणि तोटे?" आईनं पायरीवरून विचारलं. ती तिथं गुलाबाच्या कुंडीत पांढरे गोटे नीट लावत होती.

"आहेत ना. वेग घेतला की भुंग्यासारखी गुणगुणतात. खड्डा आला की पाठीला कळतं. पण हवा बघायची कटकट कायमची गेली!"

"छान," बाबा म्हणाले. "छानच की." पंप त्यांनी हळूच पाठीमागे लपवला.

बाबांचा जन्म ग्रंथालयात गेला. तिथं हळू बोलायची सवय लागली आणि घरी येईपर्यंत ती कमी बोलण्याची झाली. गाडीतलं त्यांना ओ की ठो कळत नसे. पण लेकीनं गाडी घेतली तेव्हा त्यांनी पंप घेतला. ती परत निघाली की दर खेपेला म्हणायचे, "थांब, हवा बघतो." मग लेक शेजारी येऊन बसायची. कुणाला देवापुढे बसलं की मन मोकळं करता येतं. या दोघांना चाकापुढे बसलं की यायचं. "लग्न करीन तर याच्याशीच," हे तिनं पुढच्या चाकापाशी सांगितलं होतं. "कर. पण आधी जेवायला घेऊन ये," हे उत्तर यायला मागचं चाक उजाडलं होतं.

आज मात्र सगळं चटकन आटोपलं. लेक गाडीत बसता बसता थबकली, काही बोलणार असं वाटलं. पण जावयानं गाडी सुरू केली होती.

"येते, बाबा."

"सावकाश जा."

गाडी गुणगुणत वळणाआड गेली.

"हवा टायरातली गेली आणि तोंड तुमचं उतरलंय," आई म्हणाली. पंप माळ्यावर गेला.

पुढच्या खेपेला जेवणं झाली, गप्पा रंगल्या, आणि मधेच आई उठली. "झाडांना पाणी घालून येते."

"भर दुपारी?" बाबांनी विचारलं.

"तहान काय घड्याळ बघून लागते?" म्हणत ती गेली आणि बऱ्याच वेळानं हात पुसत आली.

संध्याकाळी गाडी जेमतेम हलली आणि चाकातून आवाज आला. खट, खट, खट.

"थांब!" बाबा ओरडले. एवढ्या मोठ्यानं ते कधी ओरडले नव्हते.

चाकाच्या जाळीत एक गुळगुळीत खडा अडकला होता. दुसऱ्या चाकातही एक. चारही चाकांत.

"कमाल आहे," जावई खाली वाकून म्हणाला. "आमच्याकडे कध्धी अडकला नाही. हा तोटा कळवायलाच हवा."

"कळवा हो, जावईबापू, अगदी सविस्तर कळवा," आई घाईघाईनं म्हणाली. "पण आत बसून. मी चहा टाकलाय." आणि त्याला जवळजवळ ओढतच घरात घेऊन गेली.

बाबांनी आईची विणकामाची सुई आणली आणि बैठक मारली. लेक शेजारी येऊन टेकली. पहिला खडा निघाला. दुसऱ्या चाकापाशी ती म्हणाली, "मागच्या वेळीच सांगायचं होतं."

"हं."

"मी नोकरी सोडतेय, बाबा. रोपवाटिका काढायचीय. ह्यांना चालेल. पण तुम्ही नको म्हणालात तर माझा पायच निघणार नाही."

बाबा सुईनं खडा उचकत राहिले. तो निघाला. ते उठले आणि मागच्या चाकापाशी जाऊन बसले. लेकीचा जीव टांगणीला लागला. तिसरा खडा निघाला. चौथाही निघाला.

"काढ रोपवाटिका," बाबा म्हणाले. "मात्र पहिलं रोप मला विकायचं. फुकट घेणार नाही."

लेक इतक्या मोठ्यानं हसली की जावई कप हातात घेऊनच खिडकीशी आला. "अजून अडकलाय का?"

"अडकलाय!" दोघं एकदम ओरडले. खडे केव्हाच बाबांच्या मुठीत होते.

दिवेलागणीला गाडी गुणगुणत निघून गेली. आई पायरीवर उभी राहून अजून हात हलवत होती. बाबांनी खडे नळाखाली धुतले आणि ते गुलाबाच्या कुंडीपाशी जाऊन बसले. मातीवर पांढऱ्या गोट्यांचं कडं होतं आणि त्यात चार जागा रिकाम्या होत्या. त्यांनी एकेक खडा परत जागेवर ठेवला. आईचा हलणारा हात तसाच वर राहिला.

"पुढच्या वेळी जरा घट्ट बसव," बाबा म्हणाले. "हे फार लवकर निघाले."