व्हॉल्व्हवरचा थुका

तुलारामनं बोट जिभेवर फिरवलं आणि चाकाच्या व्हॉल्व्हवर टेकवलं, तोच मागून ओरडा आला.

"अबे! गाडीले थुका काहून लावून राहिला बे?"

ओरडणारे हिरालालसेठ. धरणाच्या मातीकामाचे ठेकेदार, नागपूरचे. गाडी त्यांचीच. लाल, दोन दारांची, शर्यतीची म्हणे, आणि इतकी बुटकी की आत-बाहेर करायचं तर लोटांगणच घालावं. आसगावच्या फाट्यावर एका बाभळीच्या काट्यानं तिची सगळी मिजास उतरवली होती. तुलारामनं ट्यूब काढली, घमेल्यातल्या पाण्यात बुडवून भोक शोधलं, पॅच मारला, चाक चढवलं आणि घाम गळेस्तोवर पंप हाणला. सेठ आपला विलायती गेज लावून काटा बघत उभे. अठ्ठावीस पौंड. ना एक कमी, ना एक जास्त.

"पूस ते आधी. छी! घाणेरडे लोक."

"सेठ, हवा किती हाये थे तुमचा काटा सांगते. टिकन का नाई, थे थुका सांगते."

"मंग पाणी लाव ना."

"पाणी घसरून जाते जी. थुका धरून राहते, हवा सुटली का बुडबुडा येते."

सेठनी नाकाला रुमाल लावला. तुलारामनं व्हॉल्व्ह पुसला. पंक्चर काढायच्या बारा वर्षांत त्यानं ट्रक पाहिले, ट्रॅक्टर पाहिले, साहेबांच्या जीपा पाहिल्या. सगळ्यांची हवा थुंकीनंच तपासली. किळस आलेला हा पहिलाच बहाद्दर.

गाडीत आणखी एक माणूस होता. वैशाखातल्या दुपारी काच वर करून, डोक्यातोंडावरून दुपट्टा घेऊन बसलेला. जॅक लावताना तुलारामनं त्याला उतरायला सांगितलं, तर सेठच म्हणाले होते, "बसू दे त्यायले. तब्येत ठीक नाही."

आता त्या माणसाला ठसका लागला. आधी ओला खोकला आणि शेवटी बारीक शीळ. हा खोकला तुलाराम लहानपणापासून ऐकत आला होता. मारोतराव! त्याच्याच गावचे सरपंच.

गेल्या सोमवारी चावडीवर सरकारी बाबू धरणाच्या संमतीचा कागद घेऊन आला, तेव्हा हेच मारोतराव उभे राहिले होते. "जमिनीले जमीन भेटल्याबिगर सही नाई," म्हणाले आणि तोंडातल्या पानाची पिचकारी भर सभेत त्या कागदावर मारली. गावानं टाळ्या पिटल्या. तुलारामची तर छाती फुगली होती. त्याची दोन एकर धानाची बांधी वैनगंगेच्या काठालाच होती. गावानं तिथल्या तिथं ठरवून टाकलं, सरपंचाची सही पडत नाही तोवर कोणी अंगठा उठवायचा नाही. त्या एका थुंकीवर सगळं गाव निर्धास्त झोपत होतं.

तुलारामनं काच वाजवली. काच हळूहळू खाली आली. घामानं निथळलेले मारोतराव, मांडीवर उघडी फाइल. फाइलीत तोच कागद. पानाचा डाग वाळून तपकिरी झालेला. कागद बदलायची तसदीसुद्धा कोणी घेतली नव्हती. डागाला लागूनच निळ्या शाईतली ताजी, वळणदार सही.

आंबलेल्या भाताचं झाकण उघडल्यागत तुलारामनं तोंड मागं घेतलं.

"तुलाराम, बापू, गावात बोलू नोको," मारोतराव दुपट्ट्याआडून म्हणाले. "उद्या मीच समजावतो सगळ्यायले. धरणावर रोज पन्नास टरक येतीन. तुह्यं दुकान तठीच लावून देऊ. हो ना, सेठ?"

सेठचं लक्ष नव्हतं. ते पुन्हा गेज लावून बसले होते. "अबे, हे सव्वीसवर कसं आलं?"

व्हॉल्व्ह कुठंतरी हवा सोडत होता. सेठनी घड्याळ पाहिलं, मग रस्ता पाहिला, मग नाकावरचा रुमाल खिशात टाकला.

"बरं बाबा, लाव तुझा थुका. पण पक्कं करून दे. पाचच्या आत पवनीच्या कचेरीत फाइल पोचली पाहिजे."

तुलारामनं पाना पेटीत टाकला. पंप आणि पेटी सायकलच्या कॅरियरला बांधली. तोंडात थुंकी भरून आली होती, पण ती व्हॉल्व्हसाठी नव्हती. त्यानं ती गिळली.

"काका, थुका तुमीच लावा," तो मारोतरावांना म्हणाला. "थुकाले तुमी हुशार आहा. चाटाले बी."

त्यानं टांग टाकली आणि सायकल गावाच्या वाटेला लावली. चावडीवर अजून माणसं बसलेली असतील.

वळणावर त्यानं एकदाच मागं पाहिलं. मारोतराव हात भुईला टेकत, जवळजवळ आडवे होत त्या बुटक्या गाडीतून निघाले होते आणि चाकाशी उकिडवे बसले होते. बोट जिभेवर फिरवत होते, व्हॉल्व्हला लावत होते, परत जिभेवर फिरवत होते. तोंड कोरडं ठाक पडलं असावं.

गेज हातात घेऊन त्यांच्या डोक्याशी उभे असलेले सेठ ओरडत होते, "बावीसवर आलं! थुका ना, मारोतराव, थुका!"