आधी कोण बोलणार

चावी. छत्री. कंगवा. टेबलावर पत्त्यांच्या डावासारखी मांडलेली चित्रं.

मेंदूत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवणारं एक इंजेक्शन असतं. ते पहिल्या काही तासांतच द्यावं लागतं.

गल्लीतल्या सलूनवाल्याला सगळे ‘रेडिओ’ म्हणत. कात्री थांबायची, तोंड थांबायचं नाही.

काही घरांत भांडण आवाज चढवून संपत नाही. तिथे अबोला धरतात.

शाळेच्या गणवेशाची कॉलर उलटी शिवली गेली, तर उसवण्यात शिवण्याच्या दुप्पट वेळ जातो.

“सांगा काका, हे काय?” स्पीच थेरपिस्ट मुलीने तिसरं चित्र पुढे सरकवलं.

रेडिओ चित्राकडे बघत राहिला. त्या वस्तूने त्याला जन्मभर पोसलं होतं. ओठ हलले. उजवा हात मांडीवर कुणी विसरून गेल्यासारखा पडला होता.

“ते... ते... ते...”

शेजारी त्याची बायको बसली होती. गणवेश शिवणारी. शब्द तिच्या जिभेच्या टोकावर होता. तिने तो गिळला.

थेरपिस्टने पहिल्याच भेटीत बजावलं होतं. “काकू, घरची माणसं मायेपोटी शब्द पुरवतात. मग पेशंट शोधायचंच सोडून देतो. आमच्या अभ्यासात आम्ही हेच तपासतोय. तुम्ही विचारायचं आणि थांबायचं. कितीही जीव तुटला तरी थांबायचं.”

सांगणं सोपं होतं. त्यांच्या आधी नंबर असलेल्या पेशंटच्या बायकोने, एका आजींनी, नवऱ्याच्या वतीने चावी, छत्री, कंगवा असं सगळं घडाघडा सांगून टाकलं होतं आणि वर म्हणाल्या होत्या, “बघा, येतंय की ह्यांना!”

ही मात्र थांबली. पंखा फिरत राहिला. रेडिओच्या कपाळावर घाम आला. तिने पदर उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. घाम पुसायला गेलं तर त्याचा धागा तुटेल.

“कं... कंग... वा.”

थेरपिस्टने टाळीच वाजवली. “वा, काका! आणि काकू, तुमच्यासारखं थांबणारं माणूस मी अजून बघितलं नाही. कुठे शिकलात हो?”

“सवय आहे,” ती म्हणाली.

सवय खरंच होती. दोघांचा अबोला म्हणजे एक खेळ होता. आधी बोलेल तो हरला. हरायचा नेहमी तोच. रेडिओच तो, बंद किती वेळ राहणार? आधी खाकरायचा, मग भांड्यांशी बोलायचा, मग तिच्याशी. “बरं बाई, तुझंच खरं.” ती तोंड फिरवून हसायची.

त्याची वाचा गेली त्या दिवशी सलूनला सुट्टी होती. बायको घोरते हे त्याने दाढीच्या गिऱ्हाइकांना रंगवून सांगितलं होतं आणि ते शेजारणीकडून हिच्या कानावर आलं. सकाळीच खडाजंगी झाली. तो हसत हसत म्हणाला, “अगं, सुरात घोरतेस असंच सांगितलं!” त्यावर ती कडाडली, “आता माझ्यापुढे तोंड उघडू नका!”

त्याने तोंड उघडलं नाही. ती कॉलरी शिवत बसली. तास गेला, दुसरा गेला. तो पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेला. तिने मनात म्हटलं, ताणा किती ताणताय ते. दुपार झाली तेव्हा तिला थोडं कौतुकही वाटलं. गडी पहिल्यांदाच जिंकतोय! तिने ताट वाढलं, त्याच्यासमोर आदळलं. त्याने डाव्या हाताने घास उचलला आणि तो ओठाच्या कोपऱ्यातून खाली ओघळला.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, “शेवटचे नीट कधी बोलले?”

“सकाळी. भांडताना.”

“आणि नंतर?”

“नंतर अबोला होता.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “मधल्या वेळात काहीच जाणवलं नाही? चेहरा, हात?”

“नाही. माझं लक्ष शिवणात होतं.”

“फार उशीर झालाय,” डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. “ते इंजेक्शन आता देता येणार नाही.”

तेव्हापासून त्याने बोलावं म्हणून ती जिवाचं रान करत होती. आणि तो बोलला तर काय बोलेल, या धास्तीने जीव मुठीत धरून होती. चावी म्हणावं, छत्री म्हणावं, दिवसभर म्हणावं. तिच्याशी मात्र तो अजून एक शब्दही बोलला नव्हता.

थेरपिस्टने चित्रं गोळा केली. “आता चित्रं बास. काका, काकूंना काहीतरी सांगा. मनातलं. काहीही.”

रेडिओने मान वळवली. बायकोच्या डोळ्यांत बघितलं. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले.

“मी...”

पंखा फिरत होता. कुणी शब्द पुरवला नाही.

“मी... आलो.”

“कुठे आलात, काका?” थेरपिस्ट हसून म्हणाली. “इथेच तर आहात की!”

त्याने मान हलवली. तसं नाही. डोळे बायकोवरच होते. त्यांत राग नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं.

“आलो... होतो.”

“काकू, अख्खं वाक्य!” थेरपिस्टचा आनंद पोटात मावत नव्हता. “आणि तेही तुमच्याशी! अहो, रडताय काय?”

त्या सकाळी, भांडण होऊन थोडाच वेळ झाला होता तेव्हा, तो तिच्या पाठीमागे येऊन उभा राहिला होता, घशातून नुसता घरघर आवाज काढत त्याने डावा हात तिच्या खांद्यावर ठेवला होता, आणि मान न वळवता तिने तो झटकून टाकला होता.