धागा वाढला

"मले नाही घालाची ते नळी," बाबाराव म्हणाले आणि तपासणीच्या खोलीतल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसले. "रक्त बंद झालं ना? मंग काहून?"

रडावं की बापाला रागवावं, धनश्रीला कळेना. मागच्या महिन्यात सक्करदऱ्याच्या घरी त्यांनी बेसिनमध्ये लाल गुळणी टाकली, तेव्हा तंबाखूच्या खर्र्याची पिंक समजून तिनं पाणी ओतलं होतं आणि वर चार शब्दही सुनावले होते. दुसरी गुळणी आली तेव्हा तिच्या हातातला तांब्या खाली पडला. यकृत कडक झालं की रक्ताला वाट मिळत नाही आणि अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात, हे तिला त्या दिवशी दवाखान्यात कळलं. काही शिरा तेव्हाच रबराच्या कड्यांनी बांधल्या होत्या. उरलेल्या आज बांधायच्या, तर म्हातारा हटून बसलेला.

डॉक्टर प्रियदर्शनी स्टूल ओढून समोर बसल्या. वयानं धनश्रीएवढ्याच असतील. "काका, उरलेल्या शिरा फुटल्या, तर दवाखान्यात पोचायला वेळ मिळेलच असं नाही."

"फुटल्या नका म्हनू," बाबाराव भिंतीलाच म्हणाले.

डॉक्टरांनी धनश्रीकडे पाहिलं.

"बाबा जन्मभर हातमागावर होते, मॅडम," ती ओशाळून म्हणाली. "मागावर धागा तुटला तरी तुटला म्हनत नाही आमच्यात. वाढला म्हनतात."

बांगडी फुटली तर आपणही वाढली म्हणतोच. बाबारावांच्या घराण्यानं तो मान धाग्यालाही दिला, एवढंच. दुसऱ्या कोणी हसून सोडून दिलं असतं. या डॉक्टरांनी विचारलं, "मग काका, धागा वाढायच्या आधी कळतं का?"

"बोटाले कळते. कच्चा लागते."

"मग काय करता?"

"वाढाची वाट काहून पाहाची? कच्चं काढून टाकाचं, तिथंच सांधाचं. गाठ अशी माराची का कोनाले दिसली नाही पाहिजे."

बोलून झाल्यावर आपण काय बोलून बसलो ते बाबारावांच्या ध्यानात आलं. थोड्या वेळानं ते आपणहून डाव्या कुशीवर आडवे झाले आणि धनश्रीकडे बोट दाखवून म्हणाले, "पोरगी इथंच थांबन."

सिस्टरनं घशात बधिर करायचं औषध मारलं. दातांत प्लास्टिकचं कडं बसवलं. नळी आत गेली. बाबारावांनी धनश्रीचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. दुखणं जडल्यापासून त्या हातांची थरथर थांबत नव्हती. चहाची कपबशीही त्यांना धरवत नसे.

आणि समोरच्या पडद्यावर बापाचं आतलं सगळं उघडलं. ओलं, गुलाबी, दिवा लावल्यासारखं. ज्या गळ्यातून तिला जन्मभर हाका आल्या, शिव्या आल्या, त्याच्या खाली ही वाट होती. भिंतीवर निळसर, जाड, वळत गेलेल्या शिरा, श्वासागणिक हलणाऱ्या. तिला वाटलं होतं, किळस येईल. उलट वाटलं, चपला बाहेर काढून यायला हवं होतं.

डॉक्टरांनी एक शीर नळीच्या टोकात ओढून घेतली आणि तिच्यावर काळं कडं सरकवलं. शिरेचा जांभळा मणी झाला. दुसरीचाही झाला. तिसरी ओढताना पडदा एकदम लाल झाला.

वाट दिसेना, काहीच दिसेना. सिस्टरचा हात होता तिथं थांबला. शब्द डॉक्टरांच्या ओठांपर्यंत आलेला धनश्रीनं पाहिला. मग त्यांची नजर बाबारावांवर गेली. ते टक्क जागे होते, सगळं ऐकत होते.

"सिस्टर, वाढली," डॉक्टर म्हणाल्या. जेवताना मीठ मागावं तशा आवाजात. "पाणी सोडा. रक्त ओढत राहा."

बाबाराव हलले नाहीत. नाकानं श्वास घेत पडून राहिले. फक्त त्यांची बोटं धनश्रीच्या करंगळीशी काहीतरी चाळा करू लागली. तिचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या लालात एक बारीक धार उडत होती. डॉक्टर नळी तिच्यावर नेत होत्या, हुकत होत्या, पुन्हा नेत होत्या. बाप हातातून चालला, असं तिला वाटलं. मग कडं सरकलं. धार थांबली. पाण्यानं लाल धुवून नेलं आणि ती गुलाबी वाट हळूहळू परत दिसायला लागली.

डॉक्टरांनी बाहीनं कपाळ पुसलं. "झालं, काका. सांधली."

नळी निघाली. बाबारावांचं तोंड पुसायला धनश्रीनं हात सोडवून घेतला, तेव्हा तिला दिसलं. तिच्या करंगळीला पांढरा धागा बांधलेला होता. दवाखान्याच्या चादरीची कड उसवली होती, तिथून काढलेला. ती आधी धाग्याकडे आणि मग त्या थरथरत्या हातांकडे बघत राहिली.

बाबारावांनी डोळे किलकिले केले. घसा अजून बधिर होता. आवाज कसाबसा आला.

"गाठ दिसते काय वं?"

तिनं धागा बोटाभोवती पुरता फिरवून पाहिला. सापडेना. नखानं चाचपला, तेव्हा कुठं लागली.

"नाही दिसत, बाबा."