भिकीचं दुसरं नाव

"नाव?" कारकुनाने विचारलं.

"भिकी," लवू म्हणाला.

कारकुनाने टाक दौतीत बुडवला, पण कागदावर टेकवला नाही. त्याने चष्म्यावरून आधी लवूकडे पाहिलं, मग त्याच्या धोतराला धरून उभ्या असलेल्या मुलीकडे. सात वर्षांची असेल. तेल चोपडून घातलेल्या दोन वेण्या, एक वर, एक खाली. त्या बापाने घातल्या होत्या, हे कुणालाही कळलं असतं.

"भिकी हे घरातलं झालं. पासपोर्टवर खरं नाव लागतं."

"तांच खरा, सायबानू. दुसरा नाय."

"अहो, जन्माच्या दाखल्यात नुसतं 'मुलगी' लिहिलंय. म्हणजे मी आज लिहीन तेच हिचं कायमचं. उद्या बोट मोंबासाला लागली की तिथला साहेब हे पुस्तक उघडणार आणि सगळ्यांसमोर मोठ्याने नाव वाचणार. तेव्हा भिकी म्हणून उतरायचं का तिने?"

दाराशी बसलेला शिपाई हसला. "कोणतरी हातार पैसो ठेवतलो तिच्या."

लवू हसला नाही. मोठ्याने वाचणार, एवढंच त्याच्या डोक्यात राहिलं.

भिकीच्या आधीची तिन्ही मुलं वर्षाच्या आत गेली होती. त्यांची नावं चांगली होती, बारशी थाटात झाली होती. म्हणून हिच्या वेळी त्याच्या बायकोने, तुळसाने, बारसं केलंच नाही. मुलीला सुपात घालून पाच घरी तांदूळ मागितले, त्यांची पेज करून प्याली आणि साऱ्या वाडीला सांगितलं, ही भिकेत मिळाली, ही भिकी. भिकेतल्या मुलीवर कोण डोळा ठेवणार? मुलगी जगली. तुळसा मात्र गेल्या चैत्रात गेली. लवू गलबतावर खलाशी, पावसाळा सोडला तर घरी नाही. शेजारणीच्या ओटीवर मूल किती दिवस ठेवायचं? तुळसाची बहीण सुशीला मोंबासाला होती. तिनेच पोरीला मागून घेतलं होतं.

"सायबानू, लिवा भिकी," लवू म्हणाला.

"बाबा," मुलगी हळूच म्हणाली, "माका आसा दुसरा नाव."

लवूने खाली पाहिलं.

"आयेन ठेवल्यान हा. न्हाणयताना सांगा होती. कानात."

"माका नाय कधी सांगल्यान."

"तुमका सांगू नको म्हणा होती. तुमचो आवाज मोठो. तुमी बंदरारसून हाक मारशात आनि मगे सगळ्यांका ऐकाक जायत."

शिपाई हसायचा थांबला.

लवूला न्हाणीघराचं लावलेलं दार आठवलं. आत पाण्याचा आवाज, आणि त्यात तुळसाचं काहीतरी पुटपुटणं. स्तोत्र म्हणत असेल असं त्याला वाटायचं. आपल्याच घरात, आपल्याच पोरीचं नाव, आणि आपण बाहेर पायरीवर विडी ओढत बसलेलो.

"काय नाव, बाळ?" कारकुनाचाही आवाज खाली आला होता.

मुलीने बापाकडे पाहिलं. लवूने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

"जयवंती," ती म्हणाली.

लवूने टेबलाची कड धरली. जयवंती त्याचं गलबत. लग्नाआधीपासून तो त्यावर होता. वादळात बंदरातली दोन गलबतं फुटली, त्या वर्षीही ते शीड फाटलेलं घेऊन परत आलं होतं. तुळसा तेव्हा रात्रभर धक्क्यावर उभी होती.

"तां खंयव गेला तरी परत येता म्हणान," मुलीने सांगितलं. पाठ करून घेतलेलं असावं तसं.

"चांगलं नाव आहे," कारकून म्हणाला. "पण मुलाच्या सांगण्यावरून मला लिहिता येत नाही. बापाने सांगायला हवं. बोला."

खिडकी उघडी होती. बाहेर बाजार, बाजारापलीकडे समुद्र. ऐकणारा जो कोणी असेल तो कुठेही असेल. खिडकी लावा, असं लवूच्या ओठावर आलं. मग त्याच्या मनात आलं, तिकडे मोंबासाच्या धक्क्यावर लावायला खिडकी कुठली?

तो पोरीकडे वळला. हिला त्याने कडेवर घेतलं होतं, पेज भरवली होती, आज सकाळी वेण्या घातल्या होत्या. आणि आता तिच्यापुढे उभं राहताना त्याला संकोचल्यासारखं झालं, मोठ्या घरची पाहुणी दारात यावी तसं.

त्याचे ओठ हलले.

"ऐकू आलं नाही. जरा मोठ्याने."

लवूने श्वास घेतला. त्याला एकच हाक मारता येत होती, गलबताच्या पुढच्या टोकाला, नाळीवर उभं राहून किनाऱ्याला मारतात ती.

"जयवंती!"

बाजारातल्या दोघा-तिघांनी माना वर केल्या. कारकुनाचा टाक तसाच हातात राहिला.

चैत्रापासून तिला त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती. मुलीने बापाचं धोतर सोडलं, ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "ओ."